घाबरट भावोजी आणि हळदी रंगाची गाडी

आमचे भावोजी पेशानं ड्रायव्हर, आणि त्यांना गाडीची भीती वाटायची. हे ते लपवतही नसत. भांडुपच्या चाळीत कुणी विचारलं, "काय, आज कुठं?" तर म्हणायचे, "नाशिक. सकाळपासून पोटात गोळा आलाय." ताईला स्थळ आलं तेव्हा वडिलांना हीच गोष्ट पसंत पडली. मी मात्र नाक मुरडलं होतं. मला एका हातानं स्टिअरिंग फिरवणारा, दुसऱ्या हातानं मिशी पिळणारा मेहुणा हवा होता. (मी स्वतः सायकलसुद्धा उतारावर हातात धरून नेत असे, तो भाग वेगळा.)

"सगळ्यांनाच घाई आहे रे," ते म्हणत, "एकानं तरी घाबरायला नको?" म्हशी रस्ता ओलांडत असल्या तर शेवटची म्हैस गेल्यावरही हे थांबून. "एखादी मागं राहिली असेल."

ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. अंधेरीच्या एका बिल्डर शेठकडे ते बदलीवर लागले होते. कायम झाले की बंगल्यामागची खोली मिळणार होती. ताईला दिवस गेलेले, चाळीतली खोली एक, आणि तिच्यात मी लग्न न झालेला मेहुणा पसरलेला. त्या नव्या खोलीत नळ आत होता. ताई त्या नळाबद्दल कुलदैवताबद्दल बोलावं तशी बोलायची.

त्याच सुमारास शेठनं परदेशातून एक गाडी आणली. जर्मनीत म्हणे एक छोटा कारखाना होता. मोठ्या कंपनीची गाडी घ्यायची, सगळी उघडायची, इंजिनाला जोर वाढवणारे दोन टर्बो जोडायचे आणि अशा मोजक्याच गाड्या विकायच्या. हळदीचा रंग, बेडकासारखे डोळे, बूड रस्त्याला टेकलेलं आणि इंजिन मागं. भावोजी तिच्याभोवती एक फेरी मारून घरी आले आणि जेवले नाहीत.

शेठच्या पुतणीचं लग्न मुलुंडला. गाडी मांडवासमोर नेऊन उभी करायची. "नीट आणलीस तर तू आपला कायमचा माणूस," शेठ म्हणाला. अडचण एकच होती. स्टिअरिंग डावीकडे. कुणाला मागं टाकायचं तर समोरून कोण येतंय ते ड्रायव्हरला दिसणार नाही. म्हणून भावोजींनी मला बरोबर घेतलं. मी उजवीकडे बसून, मान बाहेर काढून, "जा" किंवा "थांबा" म्हणायचं. म्हणजे ड्रायव्हरच्या जागी मी, आणि माझ्यापुढं ना चाक ना ब्रेक. साकीनाक्याला हवालदारानं माझ्याकडेच लायसन्स मागितलं. मी घाबरून कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं.

पवईच्या वळणाआधी पुढं पाण्याचा टँकर लागला. समोर रस्ता मोकळा. मी म्हणालो, "जा!"

भावोजींनी पाय दाबला. काहीच झालं नाही. त्यांनी आणखी दाबला. आम्ही टँकरच्या बरोबरीनं रेंगाळतोय, तोच वळणावरून लाल बस आली. "थांबा! थांबा!" मी किंचाळलो, आणि नेमकी तेव्हाच ती गाडी जागी झाली. कुणीतरी पाठीत लाथ घातल्यासारखी डोकी मागं आदळली. टँकर नजरेसमोरून पुसला गेला. बसच्या ड्रायव्हरच्या कपाळावरचं गंध मला स्पष्ट दिसलं. मी पाय इतका दाबला की बोटं आखडली. पण माझ्या पायाखाली नुसता पत्रा होता.

निसटलो कसे, ते देव जाणे. तलावाकाठी भावोजींनी गाडी उभी केली. इंजिन बंद केलं आणि मला म्हणाले,

"सुऱ्या, दुसऱ्या गाड्या सांगितलं की ऐकतात. ही आधी ऐकत नाही, मग एकदम ऐकते."

तिथून मुलुंडपर्यंत आम्ही सायकलींच्या मागून गेलो. एका हातगाडीवाल्यानं विचारलंसुद्धा, "ढकलू का?"

मांडवापाशी शेठ खूश! "झकास! आता पाहुण्यांना हिचा दम दाखव. हायवेला एक चक्कर मार. पिंकीला घे पुढं." पिंकी म्हणजे शेठची मुलगी. ती अंगावरचा शालू सावरत आत बसलीसुद्धा.

भावोजींनी चावी काढून शेठच्या हातावर ठेवली. "शेठ, मला भीती वाटते."

"कसली?"

"हिचीच. आत्ता पवईला मरता मरता वाचलो."

पाहुणे फिदीफिदी हसले. "ड्रायव्हर आणि डरपोक? मग तुला काय देव्हाऱ्यात बसवू?" शेठनं विचारलं.

मी भावोजींची बाही ओढत कुजबुजलो, "अहो, हळू न्या ना! खोली जाईल!" त्यांनी बाही सोडवून घेतली.

"पोरीला उतरवा, शेठ. मी नाही नेणार."

"उद्यापासून येऊ नकोस," शेठ म्हणाला.

दुसऱ्या ड्रायव्हरनं पिंकीला फिरवून सुखरूप आणलं. त्या गाडीला पुढंही कधी खरचटलं नाही. शेठनं ती आखातात कुणाला तरी विकली. ही बातमी मी जरा खवचटपणेच भावोजींना सांगितली, तर म्हणाले, "बरं झालं ना रे." नंतर ते शाळेची बस चालवत राहिले. पोरं त्यांना कासवकाका म्हणायची. आता भावोजी नाहीत. त्यांची आठवण आली की मला ते कुठल्या गाडीत दिसतच नाहीत. दिसते ती त्या दिवशीची दुपार.

आम्ही मुलुंडहून चालत घरी आलो. ताईनं दारातच विचारलं, "खोली?"

"नाही. नोकरीपण गेली."

मी सगळं सांगायला तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं. ताईनं पानं घेतली, आमटी-भात वाढला. भावोजींनी घास उचलला, पण हाताची थरथर थांबेना. शितं मांडीवर सांडली. ताई पोट सावरत त्यांच्याजवळ बसली, भात कालवला आणि घास त्यांच्या तोंडापुढं धरला. चाळीचं दार सताड उघडं. समोरच्या काकू तांदूळ निवडायचं सोडून बघत राहिल्या.

"अगं, बघतायत," भावोजी पुटपुटले.

"बघू दे," ताई म्हणाली. "तुम्ही आ करा."