मूठभर गहू

रिपोर्ट नॉर्मल आले त्या दिवशी मी नाशिकच्या दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. नवऱ्याला वाटलं, आनंदानं रडते आहे. "पेढे घ्यायचे का?" त्यानं विचारलं. मी त्याच्याकडं असं काही पाहिलं की तो गुपचूप गाडी काढायला गेला.

दोन वर्षं पोट मला छळत होतं. राहायला जव्हारला, शाळा मोखाड्याच्या बाजूला. चपाती खाऊन निघाले की वाटेतच पोट फुगायचं आणि शाळेत पोचेपर्यंत कळा सुरू व्हायच्या. खडू हातात घेऊन फळ्यासमोर उभी राहायचे आणि काय लिहायला वळले तेच आठवायचं नाही. हजेरी घेतानाही दम लागायचा. गव्हानं होत असावं, असं मला कधीपासून वाटत होतं. रक्त तपासून झालं, घशातून नळी घालून आतड्याचा तुकडा काढून तोही तपासून झाला. कशातच काही नाही. डॉक्टर भले होते. म्हणाले, "गव्हाचा तो मोठा आजार तुम्हाला नाही. तरी काहींना गहू सोसत नाही, पण ते दाखवणारी तपासणी नाही. सोडून बघा." म्हणजे साक्षीदार एकटं माझं पोट, आणि त्याच्यावर कोणाचा विश्वास नव्हता.

शाळेत तर माझा विषयच झाला. "जिथं गहू पिकत नाही तिथं गव्हाचं दुखणं!" एक सर म्हणाले. "भुकेला कोंडा नि निजेला धोंडा, मॅडम. भूक लागली की सगळं पचतं." मी तापट आहे. त्यांना काय उत्तर दिलं ते इथं लिहीत नाही.

माझं माहेर खोडाळ्याजवळचं. लहानपणी आमच्याकडं नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि भात. चपाती फक्त पाहुणा आला तर. पाहुण्याच्या ताटात काळी भाकरी वाढली तर घराची अब्रू जायची. आईनं मला भाकरी थापायला कधी शिकवलंच नाही. काठवटीजवळ गेले की हाकलायची, "पुस्तक घे." मला नोकरी लागली आणि रोज चपाती खायला लागले, तेव्हा ती गावभर सांगत फिरली होती. आता जव्हारजवळचा शिरपामाळ बघायला येणारी शहरातली माणसं तब्येतीसाठी म्हणून नागलीची बिस्किटं घेऊन जातात, आणि शाळेत भाकरीचा डबा उघडताना माझा हात मात्र लाजेनं झाकणावरच राहायचा. शिकून शहाणी झाले ती अशी.

गहू सोडला आणि पंधरा दिवसांत पोट शांत झालं. नुसत्या भाताला कंटाळले, तेव्हा आई आमच्याकडं राहायला आली. "मी देते थापून," म्हणाली. पहाटे उठून करायची, मी उठेपर्यंत डबा तयार असायचा. फक्त झाकण कधी नीट लागलेलं नसायचं. भाजीचं तेल मुलांच्या वह्यांवर सांडायचं. "आई, एवढं साधं झाकण लागत नाही तुला?" मी करवादायचे. ती नुसती हसायची.

महिन्याभरात पोट पुन्हा बिघडलं. तेच फुगणं, त्याच कळा, तोच थकवा. मी हादरले. गव्हाचा कण तोंडात जात नव्हता, मग हे कशानं? म्हणजे सगळे खरं सांगत होते. दुखणं माझ्या डोक्यात होतं आणि मी दोन वर्षं घरादाराला उगाच पळवलं होतं. दुखण्यापेक्षा हे वाईट होतं. आपल्याच शरीरावर भरवसा राहिला नाही तर माणसानं कशावर ठेवावा? शाळेत मी बोलेनाशी झाले. नवऱ्याला सांगितलं, "उद्यापासून चपाती खाते. संपलं सगळं."

तेच आईला सांगायला दुसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरात गेले. ती काठवटीपुढं बसून नागलीच्या पिठात गरम पाणी घालत होती. मग तिनं शेजारचा डबा ओढला, चपात्यांच्या कणकेचा, आणि त्यातली मूठभर कणीक या पिठात टाकली.

"आई! हे काय घातलंस?"

ती दचकली. "मूठभर तर हाय, बाय. त्यानं भाकर जोड धरते."

"गहू नको म्हणून सांगितलं ना मी? कितीदा सांगितलं!"

"तू चपाती नको बोललीस. मूठभरानं काय व्हतंय, मला वाटलं." तिनं पिठाचे हात मांडीवर ठेवले. "नुसत्या नागलीची आता माझ्याच्यानं व्हत नाय. फुटते. मास्तरीण तू, चार लोकांत बसून खातेस. फुटकी भाकर देऊ कशी डब्यात?"

खरं सांगते, आधी मला आनंद झाला. मी खोटी नव्हते. कुठल्याही रिपोर्टानं दिली नाही ती साक्ष या कणकेच्या डब्यानं दिली होती. आणि मग मी तिचे हात पाहिले. बोटांचे सांधे सुजलेले, दोन बोटं वाकडी, मूठ पुरती मिटत नव्हती. अशा मुठीत कणीक ती केवढी मावत असणार! माझ्या पोटाची कळ कुठून कुठं जाते ते मी तीन डॉक्टरांना बोट ठेवून दाखवलं होतं. तिच्या हातांची तपासणी कोणीच केली नव्हती. मीसुद्धा नाही.

ते पीठ बाजूला ठेवलं, दुसरं नागलीचं पीठ घेतलं आणि तिच्या शेजारी बसले. "शिकव," म्हटलं.

ती म्हणाली, "हे तुला करायला लागू नये म्हणून तुला शाळेत घातलं व्हतं."

मी गोळा घेतला आणि थापत राहिले. पहिली भाकरी तव्यावर टाकताना तिचे चार तुकडे झाले. आईनं ते भाजून आपल्या ताटात ओढून घेतले. मी ते परत घेऊन माझ्या डब्यात भरले. सवयीनं तिनं झाकण हातात घेतलं, डब्यावर ठेवलं, दोन्ही तळव्यांनी दाबलं. ते लागेना. मी तिच्या हातांवर हात ठेवून दाबलं, तेव्हा लागलं.