कार्डाची मागची बाजू

अण्णा गेल्याचं कळलं तेव्हा आमच्या ऑफिसची बस बंगळुरूत बेळ्ळंदूरच्या पुलावर अडकली होती. इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच ओळ आली, ‘दत्ताअण्णा आज सकाळी गेले’, आणि मग जोडलेल्या हातांची रांग लागली. वर्षभरापूर्वी ज्यांनी त्यांना ‘वर्णद्वेषी म्हातारा’ म्हटलं होतं, तेही त्या रांगेत होते. मीही ‘भावपूर्ण’ एवढं टाइप केलं आणि पुसलं. त्या म्हाताऱ्याला ते नाव मीच मिळवून दिलं होतं... आमच्या दोघांच्या चॅटमध्ये शेवटचा मेसेज त्यांचा होता, अकरा महिन्यांपूर्वीचा. ‘चहाला ये. खरं पत्रकं घरी ठेवून ये.’ बेळगावकडे ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात. मारतहळ्ळीतल्या माझ्या खोलीपासून त्यांचं महादेवपुऱ्यातलं घर ऑटोने वीस मिनिटांवर. मी गेले नाही, उत्तरही दिलं नाही.

अण्णा मूळचे खानापूरकडचे. सगळी नोकरी बेळगावातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून झाली आणि निवृत्तीनंतर मुलाने त्यांना आणि त्यांच्या पत्नीला, अक्कांना, बंगळुरूला आणलं. मी नागपूरहून इथे आले तेव्हा इथल्या मराठी मंडळात पहिल्यांदा त्यांनीच विचारपूस केली. माझा एक छापून आलेला लेख खिशातून काढून त्यांनी पुढे धरला. त्यावर लाल पेनाच्या इतक्या खुणा होत्या की मला तो ओळखू येईना. “राग चांगला आहे,” ते म्हणाले, “खरं स्वल्प श्वास घ्यायला जागा ठेव की गं. वाचणारा माणूस आहे, पोलीस नव्हे.” पुढे माझा प्रत्येक लेख आधी त्यांच्याकडे जायचा. मला ते ‘पत्रकबाई’ म्हणायचे. त्यालाही कारण होतं. माझे वडील चळवळीतले. आमच्या घरी पुस्तकांच्या आधी पत्रकं होती. मी अक्षरं शिकले ती त्यांवर, आणि त्यांचे गठ्ठे मोजता मोजता पाढे शिकले. कागद स्वस्तातला, छपाई एकाच बाजूला. मागच्या कोऱ्या बाजूवर मी शाळेचा अभ्यास करायचे. हे ऐकून अण्णा खूप हसले होते. “म्हणजे मागची बाजू कोरीच असते असं तुला लहानपणीच वाटायला लागलं,” ते म्हणाले. तेव्हा मीही हसले होते.

दर शनिवारी ते ग्रुपवर एक कार्ड टाकायचे. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, त्यावर एक शब्द आणि टपोऱ्या अक्षरांत त्याची माहिती. नाश्त्याच्या वेळी समोरच्या बाजूचा फोटो यायचा. ती बाजू मुद्दाम एकांगी असे, कधीकधी चिडवणारी. “दिवसभर भांडा, दिवेलागणीला कार्ड उलटू,” हा त्यांचा नियम. मग संध्याकाळी मागची बाजू यायची. तिथे त्या शब्दाचं आज काय झालंय, लोक तो कसा वापरतात, समोरच्या बाजूत काय चुकलं, हे असायचं. कुणी दिवसभरात चांगला मुद्दा मांडला असेल तर त्याचं नावही. हीच कार्डं घेऊन ते रविवारी एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मंडळाच्या पोरांना मराठी शिकवत. इंग्रजी शाळेतली ती पोरं शब्दांवरून कडाकडा भांडायची, आणि अण्णा टेबलावर हात आपटून म्हणायचे, “सरी, आता उलटा!” सरी म्हणजे कानडीत ‘बरं’.

हा नियम मला माहीत होता. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

त्या आठवड्यात आमच्या ऑफिसातला एक पुण्याचा मुलगा खिडकीतून रस्त्यावरच्या एका आफ्रिकी विद्यार्थ्याकडे बघून ‘हबशी’ म्हणाला आणि चार जण हसले. मी तिथेच भांडले. शुक्रवारी ग्रुपवरही लिहिलं, की हा शब्द आपल्या तोंडातून गेला पाहिजे. कुणी म्हणालं, एवढं काय त्यात. कुणी म्हणालं, तुम्हाला विनोद कळत नाही. मी पेटलेली होते आणि अण्णांची वाट बघत होते. ते माझ्या बाजूने उभे राहतील याबद्दल मला शंकाच नव्हती. शनिवारी सकाळी कार्ड आलं. ‘हबशी. मूळ अर्थ हबश (आजचा इथिओपिया) देशाचा माणूस. दख्खनमध्ये हबशी सरदार होते, वजीर होते. शब्दात अपमान नव्हता. हरकत घेणाऱ्यांनी आधी इतिहास वाचावा.’

ती शेवटची ओळ माझ्यासाठी होती. मी संध्याकाळपर्यंत थांबायला हवं होतं. फोन तरी करायला हवा होता... मी फोटो उचलला, त्यांच्या नावानिशी माझ्या पानावर टाकला आणि वर लिहिलं, ‘आपल्या मुलांना दर रविवारी हे शिकवलं जातं.’ दुपारपर्यंत ती पोस्ट माझ्या हातात राहिली नाही. ज्यांना अण्णा कोण हे माहीत नव्हतं त्यांनी त्यांना शिव्या घातल्या. ज्यांना मी कोण हे माहीत नव्हतं त्यांनी मला घातल्या. आणि दोन्हीकडचे तो शब्द पुन्हा पुन्हा लिहीत राहिले. मी एकेकाला उत्तरं देत होते. खोटं कशाला बोलू, मला जिंकल्यासारखं वाटत होतं. त्या संध्याकाळी कार्डाची मागची बाजू आली नाही. त्यानंतर कुठलंच कार्ड आलं नाही. दोन आठवड्यांत पालकांनी मुलं पाठवणं थांबवलं आणि मंडळाने ‘सध्यापुरता’ वर्ग बंद केला. कुणी त्यांच्याशी भांडलंसुद्धा नाही. महिन्याभराने तो चहाचा मेसेज आला. माफी मागायला बोलावतायत की मागून घ्यायला, हे मला ठरवता येईना, आणि दोन्हीची भीती वाटली.

तेरावं झाल्यावर मी गेले. अक्कांनी दार उघडलं. “आलीस? वाट बरीच लांब होती काय गं?” एवढंच म्हणाल्या आणि चहा ठेवला. मग बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. कार्डं अकारविल्हे लावून हवी होती, मुलाला ते जमत नव्हतं. मी खाली बसून लावत गेले. ‘ह’पाशी हात थांबला. समोरच्या बाजूची शेवटची ओळ लाल पेनाने खोडलेली होती, मुद्रितशोधक खोडतो तशी, एकाच सरळ रेषेत. कार्ड उलटलं. तिथेही लाल शाई. ‘खालच्या मेडिकलमधल्या मुलीला विचारले. म्हणाली, अण्णा, वजीर होते ते असतील. मला शाळेत वजीर म्हणून कोणी हाक मारली नाही. समोरची शेवटची ओळ काढावी. पत्रकबाईचे बरोबर.’

“हे त्यांनी टाकलं का नाही?” मी विचारलं. अक्का कपाकडे बघत म्हणाल्या, “मी म्हटलं की टाका म्हणून. म्हणाले, आता टाकलं तर भिऊन टाकलं म्हणतील. हट्टी होते. तू काय कमी आहेस?”

मी खाली उतरले. त्या मेडिकलमधून अण्णांच्या गोळ्या मी कितीदा आणल्या होत्या. काउंटरवरच्या त्या मुलीशी मी कायम हिंदीत बोलायचे, तेही सावकाश, एकेक शब्द सुटा करून. ती उंच, काळीसावळी, कुरळ्या केसांची. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की ही कुठल्या तरी दुसऱ्या देशातून आलेली असणार. ती हल्याळची निघाली. सिद्दी, शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आणलेल्या लोकांच्या वंशातली. तिच्या कित्येक पिढ्या तिथल्याच जंगलाकडेला गेलेल्या. अण्णांच्या गावापासून तिचं गाव फार दूर नाही. ती माझ्याशी चक्क अण्णांसारख्या मराठीत बोलली. मी तिला कार्डाबद्दल विचारलं आणि ती पोस्ट माझीच होती हे सांगितलं.

“त्याच दिवशी दुपारी आले होते,” ती म्हणाली. “गोळ्या न्यायला नव्हे. मोबाइल दाखवला. म्हणाले, ही पोरगी म्हणते ते खरं काय? मी म्हटलं, खरं आहे. मग तिथं स्टुलावर बसले, बराच वेळ.” मी म्हटलं, “मी तुमच्यासारख्यांसाठीच भांडत होते.” ती गोळ्यांची पाकिटं लावत राहिली. “व्हय. खरं, अण्णांनी निदान विचारलं. तुमच्या त्या पोस्टखाली तो शब्द मी किती वेळा वाचला, मोजलं नाही. शाळेत पण एवढा ऐकला नव्हता.”

मी आजही म्हणेन की तो शब्द वापरू नये. त्या दिवशीही माझंच म्हणणं बरोबर होतं, आणि अण्णांनी ते लाल शाईत लिहून ठेवलं आहे. पण ते तपासायला जिना उतरून खाली गेले ते अण्णा. मी मात्र तिला सुटे सुटे हिंदी शब्द देऊन गोळ्या घेत राहिले.

कार्डाची मागची बाजू मला लगेच पोस्ट करायची होती. सगळ्यांना दाखवायचं होतं की बघा, माणूस असा होता. या वेळी आधी तिला विचारलं. “मोबाइलवर नको,” ती म्हणाली. “परत सगळे सुरू होतील. पेपरात लिहा. पेपरात खाली कुणाला काही लिहिता येत नाही नव्हं?” म्हणून हे इथे लिहिते आहे, तिचं नाव न घेता. जुनी पोस्ट मी काढलेली नाही. काढली तर मी काय केलं ते पुसलं जाईल, आणि अण्णांचा वर्ग काही परत भरणार नाही.

परत वर जाऊन डबा लावून झाल्यावर अक्कांनी ते एक कार्ड माझ्या हातात दिलं. “हे तू ठेव. तुझ्यामुळं झालं ते.” त्या कशाबद्दल म्हणाल्या, हे मी विचारलं नाही. कार्ड माझ्या टेबलावर भिंतीला टेकवून ठेवलं आहे. सकाळी निघताना समोरची बाजू दिसते, खोडलेल्या ओळीसकट. लाल रेषेखाली काय होतं ते अजून वाचता येतं. दिवसभर मी भांडते, अजूनही, ऑफिसात आणि फोनवर. संध्याकाळी परत आले की दिवा लावते आणि चहा ठेवते. मग कार्ड उलटते.