गफ्फारचाचांना झोप लागेपर्यंत

जालन्याहून पिंपळगाव रेणुकाईला माणूस लग्नाला जातो, देवीला जातो, नाहीतर मिरची आणायला जातो. मी परीक्षेला गेलो होतो. परीक्षेचं केंद्र म्हणजे एका सहाचाकी ट्रकची केबिन, परीक्षक डावीकडच्या सीटवर बसलेला, आणि विषय होता झोप.

हे जरा उलगडून सांगायला हवं. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळयांचे कारखाने आहेत आणि त्या सळया गावोगाव पोहोचवणाऱ्या ट्रक कंपन्याही आहेत. त्यातल्या एका कंपनीत मी नवा ड्रायव्हर म्हणून लागलो होतो. त्याआधी मी एका सार्वजनिक वाचनालयात होतो. तिथे वाचक सोडून सगळे येत. वाचनालय बंद पडलं तेव्हा फारसं कुणाला कळलं नाही. मग मेव्हण्याच्या टेम्पोवर हात बसवला, मोठ्या गाडीचा परवाना काढला आणि इथे येऊन उभा राहिलो.

कंपनीत नव्या माणसाला पारखायची एक जुनी रीत होती. पहिली खेप (मालाची फेरी) गफ्फारचाचांना शेजारी बसवून करायची. चाचा कंपनीतले सर्वांत जुने ड्रायव्हर. ते काही शिकवत नसत, काही विचारत नसत. वाटेत त्यांना झोप लागली की नवा माणूस पास, गाडीची किल्ली त्याची. ते जागेच राहिले तर त्याने यार्डात गाड्या मागेपुढे लावत बसायचं. ज्याची सारी उमर स्टिअरिंगवर गेली, तो दुसऱ्याच्या भरवशावर डोळे मिटतो, याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणतं? मला ही रीत पसंत होती. वर्तमानपत्र तोंडावर घेऊन घोरणाऱ्यांच्या सहवासात मी बरीच वर्षं काढली होती. माणसांना झोप लावण्याचा एवढा अनुभव दुसऱ्या कुठल्या उमेदवाराकडे असणार?

ड्रायव्हरवाचून रिकामी गाडी मात्र एकच होती, आणि माझ्या आधीचे दोघे यार्डातच राहिले होते. त्यांतल्या एकाने सकाळी मला मुद्दाम गाठलं. "चाचाची रातची झोप बराबर झाल्ती म्हणं. सांगून ठेवतो आपलं," असं म्हणून तो समाधानाने निघून गेला.

निघण्याआधी समारंभ झाला. मॅनेजरसाहेबांनी गाडीपुढे नारळ आपटला. तो फुटला नाही. दुसरा आणेपर्यंत त्यांनी भाषण केलं. "आपण ड्रायव्हर नाही, आपण राष्ट्राच्या प्रगतीचे सारथी आहोत." सारथ्याच्या पायात तेव्हा चप्पल होती, कारण कंपनीचे बूट अजून यायचे होते. तेवढ्यात चाचा आले. मेंदीने लाल केलेली दाढी, डोळ्यांत ताजा सुरमा, इस्त्रीचा सदरा, हातात डबा. लग्नातल्या मानकऱ्यासारखे ते केबिनमध्ये चढले आणि म्हणाले, "चला किताबवाले. राष्ट्र खोळंबून राह्यलंय."

पाऊस उघडल्यानंतरचे दिवस होते. शहर मागे पडलं तशी दोन्हीकडे कपाशी आणि तुऱ्यावर आलेला मका सुरू झाला. मागे सळयांच्या मोळ्या, पुढे ओलसर डांबरी रस्ता आणि डावीकडे ते डोळे. मी दर थोड्या वेळाने ते डोळे तपासत होतो. उघडे. पुन्हा उघडे.

राजूरला गणपती आहे. तिथे पोहोचेपर्यंत रस्त्यावर इतक्या वाढदिवसांचे इतके फलक लागले होते की, या तालुक्यात साधा, बिनवाढदिवसाचा माणूस राहतो की नाही अशी शंका यावी. एका हॉटेलात आम्ही सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला पदार्थ) खाल्ली. मी चाचांना आग्रहाने दुसरी प्लेट घ्यायला लावली. पोट भरलं की डोळे जड होतात, हे शास्त्र मला वाचनालयातच कळलेलं. हॉटेलवाला चाचांना ओळखत होता.

"नवा गडी का चाचा? झोपवलं का न्हाई यानं?"

"आत्ता तर निघालो बाबा. दिवस मोठाय."

राजूर सोडल्यावर एक लांब चढ लागतो. चढाच्या पायथ्याशी गतिरोधक होता. मी डावीकडे पाहिलं. चाचांचे डोळे मिटले होते! गतिरोधकावरून गाडी इतकी हळू काढली की बाजूने चाललेली एक म्हैस आम्हाला मागे टाकून गेली. धक्का बसला नाही. पण आता समोर चढ, मागे लोखंड आणि गाडीत वेग कसलाच नाही. खालचा गियर टाकावा तर गियरच्या जुन्या पेटीतून मोठा कर्कश आवाज येई, आणि आवाज करायची माझी हिंमत नव्हती. मी तशीच रेटली. अर्ध्या चढावर इंजिनाने आचका दिला आणि गाडी बंद पडली. मग ती मागे घसरू लागली.

मी ब्रेकवर उभाच राहिलो. चाचा दार उघडून कधी उतरले आणि चाकामागे दगड कधी लावला ते मला दिसलं नाही. मागे एक ट्रॅक्टर होता, ट्रॉलीत बायामाणसं. त्या सगळ्यांनी मिळून माझ्या खानदानाची चौकशी केली. चाचा परत वर चढले. सदऱ्याची इस्त्री गेली होती.

"काय झालं रे?"

"तुम्ही झोपला होता ना... म्हणून हळू घेतली."

"झोपला? अरे, डोळ्यात सुरमा झोंबून राह्यला म्हणून मिटले व्हते!" त्यांनी कपाळावर हात मारला. "तू गाडी चालवून राह्यला का पाळणा हालवून राह्यला? चल, टाक पहिला. वाजू दे पेटी. वाजायलाच केलीय ती."

पेटी वाजली. गाडी चढली. मी मनातल्या मनात यार्डातली माझी जागा ठरवून टाकली. घरी बायकोला काय सांगायचं, तेही जुळवत होतो.

भोकरदन मागे टाकून पिंपळगावला पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. सळया पारसशेठच्या दुकानात उतरवायच्या होत्या. शेठजींचे पूर्वज राजस्थानातून आले. शेठजी मात्र इतके इथले झालेत की मारवाडी ते फक्त घरात आणि भांडताना बोलतात. हमाल मोळ्या उतरवत असताना त्यांनी आधी चाचांना आणि मग मला न्याहाळलं.

"चाचा, डोळे तर लई टवटवीत दिसून राह्यले तुमचे. म्हणजे या बिचाऱ्याचं काही खरं न्हाई."

"जाताना बी रस्ता हाये शेठ," चाचा म्हणाले.

दुकानाच्या ओट्यावर आम्ही जेवलो. चाचांच्या डब्यात खिचडी आणि खट्टा (चिंच-तिळाचं आंबट कालवण) होता, माझ्याकडे भाकरी. शेठजींच्या घरातून ठेचा आला. मिरचीच्या गावचा ठेचा म्हणजे काय, ते मी इथे लिहीत नाही. त्या दिवशी तो खाऊन झोपू शकणारा माणूस अजून जन्माला यायचा होता, एवढं सांगतो.

परतीचा माल हिरवी मिरची. इथला मिरचीचा बाजार म्हणजे नजर जाईल तिथवर हिरवे ढीग आणि शिंकणारी माणसं. भाव ठरतो तोही शिंकांच्या मधल्या जागेत. गोण्या भरून झाल्या आणि मी ताडपत्री ओढायला लागलो, तर व्यापाऱ्याने हात धरला. "कोंडू नका मिरचीला. हवा लागली पायजे. अन् कुठं थांबू नका, तापती ती. जालन्यात मोठी गाडी उभीय, तिच्यात भरून पुढं जायचीय. जल्दी."

भोकरदनच्या रस्त्यावर काम सुरू झालं होतं, म्हणून टेंभुर्णीवरून फिरून निघालो. आता परीक्षा गेलीच होती. निदान मिरची तरी वेळेत जावी, असा विचार करून मी गाडी चालवू लागलो. खड्डा आला की चुकवायचा, चढ आला की आधीच गियर टाकायचा, पेटी वाजली तर वाजू द्यायची. डावीकडे बघणं मी सोडून दिलं. पण डावीकडून आवाज येत होता.

"तरवड काय फुललाय बघ. पिवळा धमक."

थोड्या वेळाने, "हे तळं इथं कधी झालं? बगळे बी आलेत."

मग, "या मारुतीला रंग दिला की! आधी नुसता धोंडा व्हता."

प्रत्येक वाक्य मला खिळ्यासारखं लागत होतं. माणूस पुरता जागा होता. टेंभुर्णीला गाडी वाऱ्याच्या तोंडाला लावून घाईने चहा घेतला, तेव्हा मी शेवटचा प्रयत्न केला.

"चाचा, दुपारी आडवं व्हायची सवय नाही का तुम्हाला?"

"हाये ना. घरी." त्यांनी बशीतला चहा फुंकला. "काय रे, ते टेकाडावर चरून राह्यले ते हरणं व्हते का बकऱ्या?"

"मी नाही पाहिलं."

"बरोबर. तू कसा पाहशील."

ऊन कलताना जालन्याला पोहोचलो. मिरचीची मोठी गाडी उभी होती. माल हातोहात पलीकडे गेला, तापला नव्हता. आणि गेटपाशी मंडळी जमली होतीच. यार्डातले दोघे सर्वांत पुढे. मॅनेजरसाहेबांनी सकाळचाच आवाज लावला.

"काय चाचा, झोपलात?"

"न्हाई."

हशा पिकला. यार्डातल्या एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात प्रेमाचा होता, हे मला जास्त लागलं.

चाचा सावकाश उतरले. डबा खाली ठेवला. "झोपायचं ध्यानातच आलं न्हाई, साहेब. खिडकीतून बघत आलो."

"म्हणजे मग... पास की नापास?" नियमात अशी सोय नव्हती. साहेब गोंधळले.

"झोप काय हो, थकलेल्या माणसाला कुठंबी लागती. या दोघांच्या गाडीत जागा व्हतो, तर रस्त्यावरची नजर काढली न्हाई. माझ्या बाजूला ब्रेक न्हाई, तरी पाय दाबून दाबून पोटऱ्या दुखल्या. याच्या गाडीत बी जाताना तेच झालं. पण येताना रस्ता कसा व्हता, ते मला विचारू नका. मला बिलकुल ठाऊक न्हाई." मग ते माझ्याकडे वळले. "राजूरचा चढ तेवढा शिक बाबा." आणि साहेबांना म्हणाले, "किल्ली द्या याला."

किल्ली मिळाली. भाषण झालं नाही, नारळही फुटला नाही. माझ्या मते त्या दिवसातला खरा समारंभ तोच.

याला आता बरीच वर्षं झाली. चाचांनी काम सोडलं आणि ते मुलीकडे परभणीला गेले. कंपनीत आता केबिनमध्ये कॅमेरा असतो. तो कधीच झोपत नाही आणि त्याला बगळेही दिसत नाहीत. टेंभुर्णीच्या त्या रस्त्याने मी अजून खेपा करतो. पण ड्रायव्हरची नजर पुढे बांधलेली असते, डावीकडचं शिवार त्याच्या वाट्याला येत नाही. कुणी विचारलं, त्या बाजूला पाहण्यासारखं काय आहे, तर मी सांगतो: तरवड आहे, एक तळं आहे, त्यावर बगळे उतरतात, रंग दिलेला मारुती आहे, आणि टेकाडावर हरणं चरत असतात, किंवा बकऱ्या. तळं आता आटलंही असेल. मला माहीत नाही. मी ते पाहिलेलं नाही.