आक्काचा परिच्छेद

वाट दाखवावी तर माझ्या वहिनीच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या काकांनीच, आणि त्यांनी दाखवलेल्या वाटेनं जायची पाळी मात्र वैऱ्यावरही येऊ नये. कसबा पेठेत कुणी तांब्याच्या बंबाचं दुकान विचारलं, तर आपण "पुढं विचारा" म्हणून मोकळे होतो. काका त्या माणसाबरोबर तीन बोळ चालून जात, त्याला दुकानाच्या पायरीवर उभं करत आणि सांगत, "आता उजवीकडं वर बघा. तो बंब." मला त्यांनी एकदा एक पुस्तक वाचायला दिलं, तर त्यात सत्तावीस चिठ्ठ्या होत्या. एकीवर 'वरून नववी ओळ', दुसरीवर 'खालून चौथी, पण आधीच्या दोन वाचून मग'. मधलं पुस्तक वाचायची परवानगी होती की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. त्यातून जन्म गेला छापखान्यात मुद्रितं तपासण्यात. माझ्या लग्नाची पत्रिका त्यांनी लाल शाईत दुरुस्त करून टपालानं परत पाठवली होती. खाली लिहिलं होतं, 'लग्नाला येतोच.'

अशा माणसाच्या तावडीत मी सापडलो तो माझ्याच तोंडामुळे. पुण्यात तेव्हा ज्याच्या त्याच्या घरात एक तरी संगणकवाला निपजला होता, आमच्या घरात तो मी. विश्रांतवाडीच्या विहारातल्या वाचनालयाची जुनी स्मरणिका कुणीतरी टाइप करून पीडीएफ केली होती. "तिची वेबपानं करून देतो," असं मी जेवता जेवता बोलून गेलो. काकांनी हातातला घास खाली ठेवला. "त्यात आमच्या आक्काचा एक परिच्छेद आहे. तिला थेट तिथं नेता येईल?"

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, वाघोलीला मुलाकडं राहणारी. सातवीपर्यंत शिकलेल्या या बाईच्या नावावर जन्मात छापून आलेला एवढा एकच मजकूर, धाकट्या भावाच्या शाळेच्या पहिल्या दिवसाविषयी. काचबिंदूनं तिची नजर आत आत चालली होती. पडद्यावर अक्षरं जांभळाएवढी केली तरच दिसत, आणि तेवढी केली की पडद्यावर चारच ओळी मावत. दोनशे पानांत ती आपला परिच्छेद शोधणार कशी? डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतची आशा दिली होती. "बोट टेकवलं की तिचा तिला वाचता आला पाहिजे. दुसऱ्यानं वाचून दाखवायचा नाही," काका म्हणाले.

काम सोपं होतं, असं मला वाटलं. पीडीएफची वेबपानं करणारा प्रोग्रॅम प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक देई. पानाच्या पत्त्यामागे तो क्रमांक जोडला की थेट तो परिच्छेद उघडणार. आक्काचा निघाला सत्तेचाळीस. मी वाघोलीला जाऊन तिच्या नातवाच्या संगणकावर तशी लिंक करून दिली. पुढच्या आठवड्यात आक्काचा फोन आला, "आरं, हितं मसाल्याची जाहिरात आलीया. माझं कुठं हाय?" मी पाहिलं, खरंच मसाला. आक्का एकोणपन्नासवर गेली होती. लिंक बदलली. त्यानंतरच्या आठवड्यात सत्तेचाळीसही नाही, एकोणपन्नासही नाही, मंडपवाल्याचे आभार! मी सर्व्हरला दोष दिला, नातवाच्या संगणकाला दिला, स्वतःच्या शिक्षणालाही दिला. काका शांतपणे म्हणाले, "तुमच्या यंत्राला एकदा आमच्यासारखी शिस्त लावायला हवी." दिवाळी जवळ येत होती आणि आक्का दर आठवड्याला निराळ्याच माणसाचे आभार वाचत होती. मला खरोखर काही म्हणजे काही सुचेना.

उलगडा झाला तो ऑफिसात, चहाच्या टेबलावर. ही पानं सांभाळणारी माझ्या हाताखालची मुलगी म्हणाली, "सर, ते काका दर शनिवारी फोन करतात. गोड बोलतात, म्हणून मी करून देते." काय करून देते? तर दुरुस्त्या! इथं दोन परिच्छेद चुकून जोडलेत, ते तोडा. इथं एक गळलाय, तो घाला. ती बिचारी पीडीएफ दुरुस्त करी आणि सगळी पानं नव्यानं बनवी, आणि दर खेपेला सगळे क्रमांक नव्यानं पडत. बहिणीच्या दाराचा नंबर भाऊच दर शनिवारी बदलत होता.

मी रागानंच विश्रांतवाडीला काकांचं घर गाठलं. सगळं ऐकून काका एवढेसे झाले. मी म्हटलं, "परिच्छेदाला क्रमांकाऐवजी हातानं नावाची पाटी लावतो, पण पानं पुन्हा बनवली की ती पाटी पुसली जाईल. मी सोमवारी कंपनीच्या कामासाठी बंगळुरूला चाललो, वर्षभरासाठी. त्या मुलीला ते येत नाही, पुन्हा लावायला कुणी नाही. आता एकही दुरुस्ती नको." काकांनी खिशातलं लाल पेन काढलं. मग म्हणाले, "एक राहिलीय हो. आक्काच्याच परिच्छेदात. तिनं लिहिलंय, 'माझा भाऊ पहिल्या दिवशी अजिबात रडला नाही.' साफ खोटं आहे. मी शाळेचं फाटक धरून रडलो. ती आपला वर्ग सोडून दिवसभर माझ्या वर्गाबाहेर बसली, आणि त्यापायी तिनं छड्या खाल्ल्या. तळटीप द्यायची होती."

"मग घालू या का? एवढी शेवटची?" माझा राग गेला होता. "घालून मग पाटी लावतो."

"नको. एक घातली की दुसरी दिसेल. मी मला ओळखतो," असं म्हणून त्यांनी लाल पेन माझ्या खिशाला लावलं. "हे बंगळुरूला घेऊन जा."

दिवाळीच्या आधी आक्कानं बोट टेकवलं आणि आपला परिच्छेद आपल्या डोळ्यांनी वाचला. पाच वेळा, असं नातू म्हणाला.

वर्षानं परतलो तेव्हा वाघोलीला गेलो. आक्काची नजर पूर्ण गेली होती. बोट मात्र अजून तीच टेकवी, आणि आलेलं काका वाचून दाखवत. शनिवार होता. काका वाचता वाचता त्या वाक्याशी आले, अडखळले आणि म्हणाले, "माझा भाऊ पहिल्या दिवशी जरासा..."

"लिवलंय तसं वाच," आक्का म्हणाली.

काकांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग ते वाक्य त्यांनी पहिल्यापासून वाचलं, छापलंय तसं.