समुद्राकाठचा राब

मुळशी तालुक्यातल्या आमच्या भरे गावात माझ्याबद्दल चांगलं बोललं जातं, आणि ते खोटं आहे. सुनेने परदेशातल्या घरातून काढून दिलं तरी हा माणूस तिच्याविरुद्ध चकार शब्द काढत नाही, मोठ्या मनाचा आहे, असं अजूनही कितीतरी लोक म्हणतात. मी खरं काय ते सांगून दमलो. जितकं सांगतो तितका माझा मोठेपणा वाढतो. आता सून भातलावणीच्या सुमाराला येणार आहे आणि भऱ्यात पाय ठेवणार नाही असं म्हणते आहे. तिचं काही चुकलेलं नाही. म्हणून लिहून काढतो आहे. ऐकणारा मधेच तोडतो. वाचणाऱ्याला निदान वाक्य संपेपर्यंत तरी थांबावं लागतं.

बायको गेल्यावर मुलाने मला स्पेनला नेलं. तो आणि सून तिथल्या समुद्राकाठच्या एका लहान शहरात राहतात, दोघंही कॉम्प्युटरवरची नोकरी करतात. सून आमच्या शेजारच्याच घोटावड्याची. "बाबा, एकटे कशाला राहता, कायमचेच चला," असं म्हणणारी तीच होती. मुलगा नुसता मान हलवत होता. हे सगळ्यात आधी लक्षात ठेवावं.

तिथे मला कशाचंच गणित जमेना. मला पहाटे जाग यायची आणि शहर चांगलं ऊन वर येईपर्यंत झोपलेलं. माणसं दुपारचं जेवण आपल्या चहाच्या वेळेला घेतात आणि रात्रीचं आपण झोपेत कूस बदलतो तेव्हा. पहिल्याच आठवड्यात मी भर दुपारी पाव आणायला बाहेर पडलो. सगळी शटरं खाली, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. कुणीतरी मोठा पुढारी गेला असणार असं समजून मी मुकाट्याने घरी आलो. संध्याकाळी सुनेला विचारलं, "कोण वारलं?" तर ती हसत सुटली. दुपारी झोपायला तिथे रोजच सगळं बंद असतं.

समुद्र खिडकीतून दिसायचा. लोक त्यासाठी लांबून येतात म्हणे. मला तो बघून चिडचिड व्हायची. पाणी डोळ्यांसमोर असून आपल्या कामाचं नसणं याची आम्हा मुळशीकरांना सवय आहे, पण आमचं धरण निदान गोडं तरी आहे. या एवढ्या पाण्यात कोथिंबिरीचा एक वाफा भिजत नाही. आणि काठावर माणसं अंगाला तेल लावून, वाळत घातलेल्या पापडासारखी, या अंगावरून त्या अंगावर होत पडलेली. ज्या उन्हापासून वाचायला आम्ही जन्मभर डोक्याला टॉवेल गुंडाळला, ते हे लोक सुट्टी काढून खातात.

बाकावर बसलो की माझ्या वयाची माणसं दिसायची. हसायची, हात वर करायची, पुढे जायची. कुणी टेकायचं नाही. एकदा मी बाल्कनीत उभा राहून गावाकडे फोनवर बोलत होतो. आवाज माझा शेतातला, बांधावरून बांधावर पोचणारा. खालच्या मजल्यावरची बाई वर आली आणि मुलाशी फार गोड बोलली. नंतर कळलं की ती तक्रार होती. भांडली असती तर ओळख तरी झाली असती.

माझा जीव रमला तो एकाच ठिकाणी. शहराबाहेर नगरपालिकेने लोकांना भाजीपाला लावायला जमिनीचे तुकडे दिलेले होते. अर्ज करून बरीच वर्षं थांबावं लागतं. सुनेचा नंबर मी तिथे जायच्या थोडं आधी लागला होता. आपल्या अंगणाएवढाही तुकडा नव्हता, पण तिने त्यात मेथी, मिरच्या, टोमॅटो, कडेला गवती चहा लावला होता. नोकरीवरून उठली की ती तिथे जायची. तिथे तिचा चेहरा वेगळाच दिसायचा, घोटावड्याच्या मळ्यात असेल तसा.

शेजारच्या तुकड्यात एक म्हातारा असायचा. त्याने वाळल्या बोरूचं सुरेख कुंपण विणलं होतं. आम्हाला एकमेकांची भाषा येत नव्हती. तो मला टोमॅटो द्यायचा, मी त्याच्या वांग्याची कीड निवडून द्यायचो. तिथे मला मिळालेला सोबती म्हणजे तो.

मे महिन्यात चुलतभावाने फोनवर व्हिडिओ पाठवला. भऱ्यात राब भाजायचं काम चालू होतं. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो, भाताचं रोप ज्या तुकड्यात करायचं तिथे पावसाळ्याआधी शेण, पाला, काटक्या पसरून, वर मातीचा थर देऊन ते पेटवतात. जमीन भाजली की तण मरतं, रोप जोमाने येतं. आमच्याकडे हे कुणी कुणाला शिकवत नाही. पोर चालायला लागलं की राबाच्या धुरातूनच चालतं. तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला असेन. वास तेवढा येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळं शहर झोपलेलं असताना, मी सुनेच्या तुकड्यावर गेलो. एक कोपरा तिने मोकळा ठेवला होता. ताडाच्या वाळक्या झावळ्या आणि सुरूसारख्या झाडांचा पाला कुणीतरी बाजूला रचून ठेवलेला होता, तो मी पसरला. वर माती टाकली. थंडीत तिथल्या डोंगरउतारांवर मी धूर पाहिला होता, तिथले शेतकरी छाटलेल्या फांद्या जाळतात. म्हणजे चालत असणार, असं मी धरून चाललो. फाटकावर पाटी होती. तिच्यावर आगीचं चित्र काढून त्यावर तांबडी रेघ मारलेली होती. ती मी रोज पाहायचो. ती बिडी ओढणाऱ्यांसाठी आहे असं मी समजत होतो. राबाला कोण आग म्हणतं?

तिकडचा पाला आपल्या पाल्यासारखा धुमसत नाही. तेल ओतल्यासारखा भडकतो. समुद्रावरून वारा आला आणि म्हाताऱ्याचं बोरूचं कुंपण एका दमात पेटलं. मी माती टाकत राहिलो, टॉवेलने झोडपत राहिलो. कुणीतरी फोन केला असावा. बंब आला, मागोमाग पोलिसांची गाडी आली. माणसाला इजा झाली नाही. कुंपण गेलं, म्हाताऱ्याची टोमॅटोची झाडं गेली आणि सुनेचा अर्धा तुकडा गेला.

सून धावत आली. मुलगा त्या दिवशी कामासाठी दुसऱ्या शहरात होता. पोलिसाने काहीतरी विचारलं. ती माझ्याकडे वळली. माझे हात काळे झालेले होते, काडेपेटी खिशात होती. ती पोलिसाकडे पाहून काहीतरी बोलली आणि तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. तिचे शब्द मला कळले नाहीत, हात कळला.

मला भाषा येत नव्हती, ही सबब मी पुढे अनेक महिने स्वतःला सांगितली. पण छातीवर हात ठेवायला भाषा लागत नाही. मी टॉवेलला हात पुसत उभा राहिलो. म्हातारा समोरच होता, त्याने मला पेटवताना पाहिलं होतं. तोही बोलला नाही. पण त्याच्या गप्प राहण्यात नुकसान त्याचंच होतं. माझ्या गप्प राहण्यात नुकसान तिचं होतं.

नगरपालिकेने तुकडा काढून घेतला. परत अर्ज करता येणार नाही असंही कळवलं. घरी ती मला एवढंच म्हणाली, "बाबा, एकदा मला विचारायचं तरी होतंत." त्यावर दुसरं वाक्य नाही. ना त्या दिवशी, ना नंतर. संध्याकाळी काम संपलं की ती बाल्कनीत उभी राहायची, कारण जायला जागाच उरली नव्हती. मला ते बघवेना. बघवत नाही असं म्हणण्याऐवजी मी रुसलो. जेवताना गप्प बसू लागलो. मुलाला म्हणालो, "माझं तिकीट काढ." ती पुनःपुन्हा म्हणाली, "बाबा, नका जाऊ." मी असा निघालो की जणू अन्याय माझ्यावरच झाला होता.

गावात पोचलो तेव्हा पारावर माणसं होती. न सांगता, अवेळी, बॅगा घेऊन आलेला म्हातारा. चुलतभाऊ म्हणाला, "सुनंनं ठिवलं न्हाई व्हय, दादा?"

मी टोपी काढून घाम पुसला. तेवढंच केलं. त्यांना उत्तर मिळालं.

ते घोटावड्याला पोचायला काय वेळ लागतो? पुढच्या लग्नसराईत महाळुंग्याच्या एका लग्नात कुणीतरी माझ्या विहीणबाईंना पंगतीत विचारलं, "लेकीला सासरा जड झाला का वं?" त्या ताटावरून उठल्या. हे मला फार उशिरा कळलं. कळल्यावर मी पारावर खरं सांगायला सुरुवात केली. तर तिथे नवीनच अडचण.

"राब भाजला म्हून बंब येतुया व्हय?" एक जण म्हणाला. "अण्णा, सांगायचंच हाय तर पटंल आसं तरी सांगा."

"आरं, खरंच आला," मी म्हणालो. "लाल गाडी. पोलीस बी."

"आन मग धरून न्हेलं का तुमास्नी?"

सगळे हसले. दुसरा म्हणाला, "जाऊ द्या, घरातलं झाकावंच लागतं. सुनंसाठी सोतावर घेत्यात, असा मानूस आता ऱ्हायला न्हाई."

मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. माझ्या आयुष्यातली एकमेव खरी लाज मी सांगत होतो आणि ती लोकांना सुनेवर घातलेलं पांघरूण वाटत होती. पुढे तर पोरंच म्हणू लागली, "अण्णा, ती बंबाची गोष्ट सांगा की." मीही सांगायचो. पुढाऱ्याची आणि पापडांचीही जोड द्यायचो.

शेवटी या उन्हाळ्यात घोटावड्याला गेलो. विहीणबाई ओसरीवर चिंचा फोडत बसल्या होत्या. पाणी दिलं, चहाचं विचारलं नाही.

"विहीणबाई, एक सांगायचं होतं."

"राबाचं ना? लेकीनं तवाच सांगितलंय मला."

"मग तुम्ही कुणाला बोलला का नाहीत?"

"मी कशापायी बोलू? आई लेकीची बाजू घेती म्हनत्याल." चिंचेचा चिंचोका त्यांनी बाजूला फेकला. "आन तुमी काय सांगता ते बी येतंय माझ्या कानावं. हसवून सांगता, पाव्हणं. बंब आला, गाडी आली, पोरं खिदळत्यात. छातीवर हात कुनी ठिवला, ते सांगितलं का कवा?"

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"तेवढंच गाळता तुमी," त्या म्हणाल्या. "पोरगी यायची हाय लावनीला. भऱ्यात पाय ठिवायची न्हाई म्हनती. मी तिला जा म्हननार न्हाई, सांगून ठिवते."

त्या म्हणाल्या ते खरं होतं. एवढे दिवस मी खरं सांगतो आहे असं समजत होतो आणि नेमकं तेवढंच प्रत्येक वेळी वगळत होतो. आग माझ्या हातून लागली, हे सांगायला मला जड जात नव्हतं. त्यात मी अडाणी ठरतो, गमतीदार ठरतो. पुढचं सांगितलं की भित्रा ठरतो.

पुढल्या आठवड्यात आमचा राब भाजायचा होता. चुलतभाऊ, त्याचे दोघे मुलगे, शेजारचे चार-दोन जण बांधावर होते. राब धुमसायला लागल्यावर कुणीतरी म्हणालंच, "अण्णा, बंबाला फोन लावा." मी त्यांना सगळं सांगितलं. या वेळी बंब लवकर आटोपला. पोलिसाने विचारलं तेव्हा ती माझ्याकडे वळली, मग तिने छातीवर हात ठेवला आणि मी टॉवेलला हात पुसत उभा राहिलो, हे सांगितलं. तिकीट मीच मागितलं हे सांगितलं. पारावर घाम पुसला तेव्हा मला तुमचा प्रश्न नीट ऐकू आला होता, हेही सांगितलं.

कुणी हसलं नाही. चुलतभाऊ धुराकडे बघत होता.

"म्हंजी पोरीनं तुमचं आपल्या अंगावं घेतलं, आन तुमी गप ऱ्हायला?"

"व्हय."

"आन हितं येऊन बी गप ऱ्हायला."

"व्हय."

तो बाजूला थुंकला. "लई वंगाळ केलं, दादा."

एवढ्या दिवसांत माझ्यावर विश्वास ठेवणारा तो पहिला. त्यानंतर तो दोन दिवस माझ्याकडे फिरकला नाही. पारावर मला जागा करून देतात, पण आधीसारखं कुणी सरकत नाही. आणि अजूनही वरच्या आळीत काही बाया जुनीच गोष्ट सांगतात, कारण सुनेने सासऱ्याला हाकललं ही गोष्ट सांगायला सोपी आहे. त्या गोष्टीला मी काय करू? दारोदार जाऊन सांगतो आहे, लिहितो आहे, तरी ती माझ्या पुढे पळते.

हे लिहून होत आलं होतं, तेवढ्यात काल संध्याकाळी सुनेचा व्हिडिओ कॉल आला. मुलगा कुठे दिसला नाही.

"आई म्हणत होती, तुम्ही बोललात," ती म्हणाली.

"हो."

तिच्या मागे ती बाल्कनी दिसत होती, कठड्याला टांगलेल्या दोन कुंड्यांत मेथी होती.

"राब नीट भाजला का?"

मी फोन घेऊन शेतात गेलो आणि काळा झालेला तुकडा तिला दाखवला. तिने बराच वेळ पाहिलं. "डावीकडे कच्चा राहिलाय, बाबा. बांधाजवळ. तिथे तण येणार."

मी वाकून पाहिलं. होता खरा.

"मी घोटावड्यालाच उतरणार आहे," ती म्हणाली. "भऱ्याचं तिथे आल्यावर बघू."

"बरं," मी म्हणालो. या म्हणू शकलो नाही. ते म्हणायचा हक्क माझ्याकडे कुठे राहिला आहे?

फोन ठेवला. गोठ्यामागचा पाला पाटीत भरून आणला, बांधाजवळच्या कच्च्या जागेवर पसरला, वर माती टाकली आणि पेटवून तिथेच बसून राहिलो.