अर्धी बंद झडप

आमच्या हिला प्लँटवर सगळे वकीलबाई म्हणतात. पुराव्याशिवाय ती काही मानत नाही. घरी मी गॅस बंद केला म्हटलं तर विचारते, "केलास, की केल्यासारखं वाटतंय?" अशा बाईशी वाद घालायला खमकं काळीज लागतं. ते माझ्याकडे नाही. मी मुकाट्याने उठून बघून येतो.

तिचं कामही तेच. आमच्या वीजकेंद्रात हजारो आरसे ऊन एका मनोऱ्यावर फेकतात आणि वरच्या नळ्यांतून वाहणारं वितळलेलं मीठ त्या उन्हाने तापतं. केंद्र सुरू करण्याआधी नळ्यांवरची एकेक झडप, म्हणजे व्हॉल्व्ह, तपासावी लागते. ही कंट्रोल रूममधून झडप उघडायचा किंवा बंद करायचा हुकूम सोडते आणि झडपेपाशी उभा असलेला माणूस ती किती उघडली हे दाखवणारा काटा डोळ्यांनी बघून वॉकीटॉकीवर सांगतो. संगणकाचा पडदा काहीही दाखवो, शब्द त्या माणसाचा धरायचा. तो माणूस म्हणजे तिचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा. आई गेल्यावर हिनेच त्याला वाढवलं, कामालाही हिनेच लावलं.

त्या दुपारी मी तिच्या टेबलाखाली वायरी बांधत होतो. दुसऱ्या दिवशी मनोऱ्यावर पहिल्यांदा ऊन पाडायचं होतं. मेहुणा भराभर सांगत होता, उघडी, बंद, उघडी, बंद. जरा जास्तच भराभर. हिला शंका आली आणि हिने पुढची झडप मुद्दाम अर्ध्यावर थांबवली.

"काय दिसतंय?"

"बंद, ताई."

"नीट बघ."

"बघितलं. पूर्ण बंद आहे."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. तो काटा बघतच नव्हता; झडप हलताना होणारा हवेचा फुसकारा ऐकून पाळीपाळीने उत्तरं देत होता. जुन्या साखरेच्या आजाराने त्याची नजर गेली होती, हे तेव्हा आम्हाला उमगलं; घरात कुणाला त्याने त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. हिने गप्प बसावं, असं मला मनापासून वाटलं. दुसरं कुठलं काम त्याला मिळणार होतं? पण वर ऊन आणि नळीत मीठ अडलेलं, असं झालं असतं तर नळी फुटून खालची माणसं होरपळली असती. हिने साहेबांना फोन लावला. उद्याचं रद्द करा म्हणाली, माझ्या भावाने पास केलेली एकही झडप तपासलेली धरू नका.

मग आम्ही दोघं खाली गेलो. तो झडपेपाशीच उभा होता. काम थांबल्याचं त्याला वॉकीटॉकीवर कळलं होतं.

"आज झडप नाही, मला तपासलंस ना, ताई?"

"हो," एवढंच तिच्या तोंडून निघालं. तिला रडू आवरेना, म्हणून ती बाजूला जाऊन उभी राहिली.

तो चिडेल म्हणून मी धास्तावलो होतो. पण तो शांतपणे म्हणाला, "बरं केलंस. मला रोज भीती वाटायची गं."

आम्हा सगळ्यांच्या अंगावर सारखंच पिवळं जाकीट होतं, डोक्यावर सारखंच हेल्मेट. त्याने कमरेचा वॉकीटॉकी काढला आणि "घे, ताई" म्हणत माझ्यापुढे धरला.

मी काही न बोलता तो घेतला.