उजेडात न येणारे उंदीर

विज्ञानात भीतीला थारा नसतो, असं प्रमुख पाहुणे म्हणाले आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. आणीबाणी नुकतीच उठली होती. पाहुणे कसले, आमचं कोल्हापुरातलं कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचेच ते अध्यक्ष. प्राणिशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचा प्रयोग पुढे चालवायचा की बंद करायचा, हे ते त्या दिवशी ठरवणार होते.

मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवायचो. ती रोज दिसायची, नाव कधी विचारलं नाही. सतत ताण असला की शरीरात जे संप्रेरक वाढतं, ते ती काही उंदरांना कित्येक आठवडे पाण्यातून देत होती. उंदीर उचलण्याआधी ती तळहात चोळून गरम करी. का, असं विचारलं तर म्हणाली, "औषधाची भीती हायच की सर, वर आणि गार हाताची कशाला?"

त्या दिवशी अध्यक्षांसमोर तिने उंदरांची पेटी उघडली. निम्मी अंधारी, निम्मी उजेडाची. उंदीर अंधारातून हलेनात.

"पोरी, उंदीर हायत का पळाले?" अध्यक्षांनी विचारलं. सगळे हसले.

ती हसली नाही. "हायत की. भाईर काय बी धोका न्हाई, तरी येईनात. रोजच्या ताणानं मेंदू असा होतो, हेच दाखवायचं हुतं साहेब. आता साधं पाणी प्यालेला बघा."

तो उंदीर ऐटीत उजेडात आला, पेटीच्या कडेवर चढला आणि थेट अध्यक्षांपुढच्या टेबलावर उतरला. माझा त्यात काडीचा वाटा नव्हता, तरी माझी छाती फुगली.

प्रयोगाला परवानगी मिळाली. अध्यक्षांनी ती खुर्चीवर उभं राहून जाहीर केली.